‘हेर्ब्स्ट’ : ऋतूच्या नावातले कष्ट



वसंताच्या या व्यासपीठावर मी शरदाची गोष्ट काढतो आहे, याबद्दल क्षमा असावी. जर्मन भाषेत शरद ऋतूला ‘हेर्ब्स्ट’ म्हणतात. मी भाषापंडित नव्हे. माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. पण हा शब्द उकलून पाहिला, तेव्हा त्यात मला आमचाच माणूस भेटला.

‘हेर्ब्स्ट’ आणि इंग्रजी ‘हार्वेस्ट’ हे सख्खे भाऊ. मूळ धातूचा अर्थ खुडणे, कापणे. लॅटिन ‘कार्पेरे’ म्हणजे खुडणे आणि ग्रीक ‘कार्पोस’ म्हणजे फळ, ही त्यांची भावकी. आपले ‘कृपाण’ही भाषाशास्त्रज्ञ याच कुळात धरतात. म्हणजे या ऋतूला नाव मिळाले ते गळत्या पानांवरून नव्हे, तर पीक काढणाऱ्या हातांवरून.

पुढे भावांची वाटणी झाली. इंग्रजीत १६व्या शतकापासून ऋतूसाठी ‘ऑटम’ हा परका शब्द हळूहळू रुळला आणि ‘हार्वेस्ट’कडे फक्त कापणी उरली. जर्मनांनी उलट केले. ‘हेर्ब्स्ट’ला ऋतू दिला आणि कापणीला ‘एर्न्टे’ म्हटले. तरी नैर्ऋत्य जर्मनीच्या द्राक्षमळ्यांत ‘हेर्ब्स्ट’ म्हणजे द्राक्षांची तोडणी, हा जुना अर्थ टिकून राहिला.

आता या ‘एर्न्टे’चे कूळ पाहा. कमावणे या अर्थाचा इंग्रजी ‘अर्न’ त्याच मुळाचा. ४थ्या शतकात बिशप वुल्फिला याने बायबल गॉथिक भाषेत आणले. त्या भाषेत ‘असान्स’ म्हणजे सुगी आणि ‘अस्नेइस’ म्हणजे मजुरीने लावलेला गडी. सुगी, कमाई आणि मजूर, तिन्ही एकाच मुळाची!

वाटाघाटींच्या वेळी मला अनेकदा ऐकवले गेले, की मजुरी ही देणाऱ्याची मेहरबानी. शब्दांची साक्ष मात्र निराळी आहे. कमाई हा शब्दच तिथे शेतातल्या कामातून उगवला.

आपणही ‘सुगी’ म्हणतो, तेव्हा दिवस आणि काम दोन्ही एकदम डोळ्यांपुढे येतात. आता पुष्कळ शेतांत यंत्रे कापणी करतात. तरी सुगीचे दिवस म्हणताना ती कोणाच्या हातांनी आली, एवढे विसरू नये.