अकरावीच्या उंबरठ्यावर

(मठाच्या वर्धापनदिन-सोहळ्यात दिलेले व्याख्यान)



मठाच्या व्यासपीठावर उभे राहून शाळेविषयी बोलावे, हे कोणास विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु दहावीचा निकाल लागला की पांढुर्णा आणि सौसर भागातील कितीतरी आईबाप मुलाची गुणपत्रिका घेऊन प्रथम येथे दर्शनास येतात, आणि मग अकरावीचा प्रवेशअर्ज भरतात. त्या अर्जावर एक लहानसा रकाना असतो. त्यात मुलाने कोणता संकाय घेतला ते लिहावयाचे : गणित, जीवविज्ञान, वाणिज्य, कला किंवा कृषी. त्या रकान्याविषयीच मी आज बोलणार आहे. कारण पस्तीस वर्षांच्या अध्यापनात माझ्या हातून जी सर्वांत मोठी चूक झाली, ती तेथेच झाली.

जाम नदीकाठच्या एका गावातला संत्राबागायतदाराचा मुलगा माझ्या वर्गात होता. गणितात त्याला उत्तम गुण मिळाले. त्याला कृषी संकाय घ्यावयाचा होता. त्या वयातही झाडाच्या बुंध्यातून पाझरणारा डिंक पाहून तो रोग ओळखीत असे, आणि बागेला पाण्याचा ताण किती दिवस द्यावा यावर वडिलांशी वाद घालीत असे. मी त्याच्या घरी गेलो. ओसरीवर बसून त्याच्या वडिलांना म्हणालो, “एवढे गुण मिळवणाऱ्या पोराने पुन्हा मातीतच हात घालायचे का ?” वडील म्हणाले, “गुरुजी, तुम्ही म्हणता तर तसेच करू.” मुलाला कोणी विचारलेच नाही. तो गणित संकायात बसला आणि बारावीत नापास झाला. पुढची दोन वर्षे घर सोडून त्याने एका गोदामात हमाली केली. त्याने मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर माझे ओझे थोडे हलके झाले असते.

सज्जनहो, मी असे का केले ? मुलाचा द्वेष मला नव्हता, उलट ममताच होती. परंतु शाळेतील विभागांची एक उतरंड माझ्या मनात पक्की बसली होती. सर्वांत वर गणित, त्याखाली जीवविज्ञान, मग वाणिज्य, आणि ज्याला कोठेच स्थान नाही त्याच्यासाठी कला आणि कृषी. ही उतरंड कोणत्याही शासकीय आदेशात लिहिलेली नाही. ती आपण, म्हणजे शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून रचलेली आहे.

ज्यांनी हे विभाग योजिले त्यांचा हेतू अगदी निराळा होता. १९५२-५३ मध्ये डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोग बसला. केवळ विद्यापीठाच्या दारापर्यंत पोहोचविणारी एकमार्गी शाळा नको, असे या आयोगाने सांगितले. बहुउद्देशीय शाळा काढाव्यात आणि त्यांत मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहविज्ञान अशा सात शाखा असाव्यात, अशी त्याची शिफारस होती. शाखा कोणतीही असो, प्रत्येक विद्यार्थ्याने एक हस्तव्यवसाय शिकावा, आणि मुलांना व्यवसायाची दिशा दाखविणारा प्रशिक्षित शिक्षक शाळेत असावा, हेही त्याने सुचविले. आपल्या मध्य प्रदेशात कित्येक जुन्या शाळांच्या पाट्यांवर ‘बहुउद्देशीय’ हा शब्द अजून वाचावयास मिळतो. पाटी राहिली, दिशा दाखविणारा तो शिक्षक मात्र बहुतेक ठिकाणी आलाच नाही, आणि त्याची जागा माझ्यासारख्यांच्या मताने भरून काढली.

तत्पूर्वी, १९३७ साली, येथून फार दूर नसलेल्या वर्धा येथे गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षणपरिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार तीत मांडला गेला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीही ग्रामगीतेत जीवनशिक्षणाला स्वतंत्र अध्याय दिला. तेव्हा हा विचार आपणास परका नाही.

आता आपल्याच बागेचे उदाहरण घ्या. आंबिया बहार धरावयाचा की मृग बहार, हा निर्णय पाण्याचा, हवामानाचा आणि बाजाराचा असतो. पाणी तोडल्याने झाड विसावते, आणि पुन्हा ओल मिळताच फुलते. असे का होते, हे वनस्पतिशास्त्र सांगते. कलम कोणत्या खुंटावर बांधावे, बुंध्याशी पाणी साचले तर डिंक्या का बळावतो, कोळशीचा उपद्रव केव्हा होतो, हे कृषी संकायाच्या विद्यार्थ्याला पुस्तकात आणि झाडावर दोन्हीकडे वाचता येते. तो पुढे जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयात जाऊ शकतो. ते १९६४ पासून चालू आहे. नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधनसंस्था आहे. ज्याला आपण माती उकरणे म्हणतो त्यात एवढे शास्त्र भरलेले आहे, आणि ते मी त्या ओसरीवर बोललो नाही.

पुढे फळ झाडावर असतानाच व्यापारी बागेचा सौदा करतो. अंदाजाने एक आकडा ठरतो, इसार मिळतो आणि बाकीची रक्कम कधी येईल ते देव जाणे. त्या घरात वाणिज्य शिकलेली एक मुलगी असेल, तर ती खताचा, मजुरीचा, विजेचा खर्च मांडील आणि सौद्याचा कागद करून घेईल. वाणिज्य विभागाने तिला कारकुनीच दिली असे समजू नका. आपल्या बापाला फसू न देण्याचे बळ दिले. गृहविज्ञान म्हणजे स्वयंपाक, असे हसून म्हणणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे की गळून पडलेल्या फळाचा टिकाऊ रस करणे आणि घरातील बालकाचा आहार ठरविणे ही दोन्ही त्याच विद्येची अंगे आहेत. कलाशाखेविषयी फार बोलत नाही. खसरा-खतौनी वाचून तिचा अर्थ गावाला सांगणारा, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले असता आपण मध्य प्रदेशात का राहिलो हे समजून घेणारा नागरिक तेथेच घडतो.

येथे आपल्या सीमाभागाची एक विशेष अडचण सांगितली पाहिजे. आपल्या मुलांची घरची भाषा मराठी, बहुतेकांची पुस्तके हिंदीत. ‘त्वरण’ आणि ‘प्रकाश-संश्लेषण’ हे शब्द पाठ होतात. पण घरी आईला ते समजावून सांगता येत नाहीत, आणि जे आईला सांगता येत नाही ते पुरते समजलेले नसते. हा स्मरणग्रंथ जसा दोन भाषांत निघत आहे, तसे मुलानेही दोन भाषांत विचार करावयास शिकावे. त्यात त्याचे नुकसान नाही. दुसरे असे की, मन नागपूरकडे ओढ घेते, पण महाराष्ट्रातील प्रवेशांना अधिवासाचे आणि दहावी-बारावी कोठे केली याचे नियम आड येतात. कर्नाटक सीमेवरील वादग्रस्त गावांतल्या मराठी मुलांसाठी तेथे स्वतंत्र तरतूद आहे. आपल्या मुलांना ती लागू नाही. हे बारावीनंतर कळून काय उपयोग ? दहावीतच सांगितले पाहिजे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षणनीतीने कला आणि विज्ञान, पुस्तकी आणि व्यावसायिक यांमधील भिंती कमी करण्याचे ठरविले आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ शिकावे, असेही तीत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. कार्यालये जवळ आली. परंतु संकायाचा रकाना अजून ओसरीवरच भरला जातो, म्हणून माझी विनंती शासनापेक्षा आपणास आहे.

निकालानंतरचा पहिला रविवार मठाच्या सभामंडपात या मुलांसाठी राखून ठेवावा. भक्तमंडळींत बागायतदार आहेत, परिचारिका आहेत, हिशेबनीस आहेत, वीजतंत्री आहेत, बोरगावच्या कारखान्यांत काम करणारे आहेत. त्यांनी चटईवर बसावे आणि मुलांनी विचारावे : आपले काम दिवसभर कसे चालते, पगार किती, त्रास कोणता, आणि त्यासाठी कोणता विभाग घ्यावा लागला ? त्या दिवशी आईबापांनी मागच्या रांगेत बसून फक्त ऐकावे. शिक्षकांनीही.

तो मुलगा पुढे परत आला. खाजगीरीत्या बारावी उत्तीर्ण झाला आणि आज वडिलांची बाग तोच पाहतो. मागच्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. माझ्या हातात संत्रे देऊन तो म्हणाला, “गुरुजी, माझी मुलगी दहावीला आहे. तिला काय घ्यायला लावू ?” मी म्हणालो, “तिला बोलाव.” ती आली. तिला मी विचारले, आणि मग बराच वेळ आम्ही दोघे गप्प बसून तिचे ऐकत राहिलो.