पक्कें तिकीट आणि पक्की जागा

एकच खोली दोघां भाडेकरूंस देणारा घरमालक, किंवा एकच म्हैस दोन गिऱ्हाइकांस विकणारा व्यापारी, यांस समाज लबाड म्हणतो. आणि प्रसंग पडल्यास न्यायालयहि तसेंच म्हणतें. परंतु १०० आसनांच्या विमानाचीं १०७ तिकिटें विकणाऱ्या कंपनीस मात्र सहसा कोणी लबाड म्हणत नाहीं. तिच्या या व्यवहारास अनेक देशांच्या कायद्यांत मुभा आहे, आणि त्यामागील गणित विद्यापीठांतून शिकविलें जातें. हा भेद कां पडला, त्यांत न्याय किती व अन्याय किती, आणि हातांत पक्कें तिकीट असूनहि मागें राहिलेल्या प्रवाशाच्या पदरीं काय पडतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

वर दिलेले आंकडे कल्पनेंतले नाहींत. अमेरिकेंत ग्राहकांच्या हक्कांसाठीं झगडणारे प्रसिद्ध कार्यकर्ते राल्फ नेडर हे १९७२ सालच्या एप्रिल महिन्याच्या २८ तारखेस वॉशिंग्टनहून कनेक्टिकट राज्यांतील हार्टफर्ड या शहरीं जावयास निघाले होते. तेथें दुपारीं एका सभेंत त्यांचें भाषण ठरलेलें होतें. अलेगनी एअरलाइन्स या कंपनीच्या विमानांत त्यांची जागा तीन दिवस आधींच पक्की झाली होती. विमान सुटण्यास सुमारें पांच मिनिटें असतांना ते तेथें पोंचले. तेव्हां सर्व जागा भरल्या आहेत, असें उत्तर त्यांस मिळालें. नेडर यांनीं दोन विनंत्या केल्या. पक्कें आरक्षण नसलेला एखादा प्रवासी चुकून आंत बसला आहे काय, हें पाहावें, ही एक. आणि आंत बसलेल्यांपैकीं कोणी आपण होऊन जागा सोडण्यास तयार आहे काय, हें विचारावें, ही दुसरी. दोन्ही विनंत्या अमान्य झाल्या. नेडर अखेर बोस्टनच्या विमानानें गेले, आणि हार्टफर्डच्या सभेची वेळ टळून गेली. त्या उड्डाणाच्या १०० जागांवर १०७ आरक्षणें पक्कीं केलीं होतीं, ही गोष्ट पुढें खटल्यांत उघड झाली.

कंपनीनें नियमाप्रमाणें देऊं केलेली ३२ डॉलर ४१ सेंटांची भरपाई नाकारून नेडर न्यायालयांत गेले. १९७६ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निर्णय दिला कीं, विमान वाहतुकीवर देखरेख करणारें सरकारी मंडळ अस्तित्वांत आहे, एवढ्यावरून फसवणुकीचा दावा लावण्याचा प्रवाशाचा हक्क नाहींसा होत नाहीं. या निर्णयाचें मर्म नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. जागांपेक्षां अधिक तिकिटें विकणें हेंच पाप, असें न्यायालयानें म्हटलेलें नाहीं. वादाचा विषय होता तो हा, कीं कंपनी तसें करते ही गोष्ट प्रवाशास न सांगतां त्यास "तुमची जागा पक्की आहे" असें सांगणें, ही फसवणूक होय कीं नव्हे.

आतां कंपनीची बाजूहि ऐकून घेणें न्याय्य होईल. विमानांतील आसन हा अत्यंत नाशवंत माल आहे. मंडईंतील भाजी संध्याकाळीं अर्ध्या किंमतीस तरी जाते. परंतु उडून गेलेल्या विमानांतील रिकामें आसन कोणत्याहि भावानें विकतां येत नाहीं. आणि तिकीट काढलेले सर्वच प्रवासी येतात, असें नाहीं. कोणी आजारी पडतो, कोणाचें काम लांबतें, कोणाचें आधींचें विमान उशिरा पोंचतें. असे न येणारे प्रवासी धरून कंपन्या थोडीं अधिक तिकिटें विकतात. त्यामुळें विमान भरलेलें जातें, आणि एरवीं "जागा नाहीं" म्हणून परत गेलेल्या कांहीं लोकांस प्रवास घडतो. येथपर्यंत या व्यवहारांत लोकांचाहि लाभच आहे.

अडचण आहे ती सरासरीच्या स्वभावांत. समजा, विमानांत १५० आसनें आहेत आणि दर वीस प्रवाशांपैकीं एक येत नाहीं. कंपनीनें १५७ तिकिटें विकलीं, तर सरासरीनें १४९ माणसें येतील, आणि हिशेब चोख जमला असें वाटेल. पण सरासरी म्हणजे रोजचा अनुभव नव्हे. गणित मांडून पाहिलें, तर अशा कंपनीच्या दारांत साधारणपणें दर तीन दिवसांतून एक दिवस माणसें अधिक आणि आसनें कमी, अशी स्थिति येईल. तीच कंपनी १५४ तिकिटांवर थांबली, तर हा प्रसंग सुमारें वीस दिवसांतून एकदां येईल. शिवाय माणसें कुटुंबानें आणि मंडळीनें प्रवास करतात. येतात तीं सर्व येतात, न येणारीं सर्व येत नाहींत. त्यामुळें कागदावरच्या हिशेबापेक्षां प्रत्यक्षांतील चढउतार अधिकच असतो. तात्पर्य, प्रवाशास मागें ठेवण्याचे प्रसंग कंपनीवर आकाशांतून कोसळत नाहींत. ते किती येऊं द्यावयाचे, हें तिनें तिकिटें विकतांनाच ठरविलेलें असतें.

मग त्या दिवशीं मागें कोणीं राहावें? जेथें हा निर्णय कंपनीच्या मर्जीवर सोडला जातो, तेथें तो बहुधा शेवटीं आलेल्याच्या, कमी भाडें भरलेल्याच्या, किंवा कंपनीचें नेहमींचें गिऱ्हाईक नसलेल्याच्या माथीं येतो. काउंटरवरील तरुण कर्मचाऱ्याच्या हातांत कांहींच नसतें. वरून आलेला हुकूम त्याच्या पुढ्यांतील पडद्यावर दिसतो, आणि तो वाचून दाखविण्यापलीकडे त्यास अधिकार नसतो. त्याच्यावर संतापणारा प्रवासी आणि प्रवाशाचे शब्द ऐकून घेणारा कर्मचारी, हे दोघेहि तेथें नसलेल्या तिसऱ्याच्या निर्णयाचें ओझें वाहत असतात.

या पद्धतींतील खरा दोष असा कीं, ती सर्व प्रवाशांची वेळ एकाच मोलाची मानते. त्याच रांगेंत एकास अत्यवस्थ वडिलांजवळ पोंचावयाचें असतें. एकीची दुसऱ्या दिवशीं सकाळीं परीक्षा असते. आणि एखादा सुटीवर निघालेला विद्यार्थी असा असतो, कीं चांगली रक्कम मिळाल्यास एक रात्र आनंदानें थांबेल. कोणाची निकड किती, हें कंपनीच्या यंत्रास कळत नाहीं. तें फक्त त्या त्या प्रवाशास ठाऊक असतें. म्हणून तें जाणण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे विचारणें. नेडर यांची दुसरी विनंती नेमकी हीच होती.

ज्यूलियन सायमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९६८ सालींच हा मार्ग लिहून ठेवला होता. माणसें अधिक झालीं, तर प्रत्येक प्रवाशास एक पाकीट द्यावें. किती पैसे मिळाल्यास आपण पुढच्या विमानापर्यंत थांबूं, हें त्यानें त्यांत लिहावें. आणि ज्यांनीं सर्वांत कमी रक्कम मागितली असेल, त्यांस ती देऊन थांबवावें. मागें राहणारा खुषीनें राहील, पुढें जाणारा निश्चिंत जाईल, आणि अधिक तिकिटें विकण्याची खरी किंमत विकणाराच भरील. विमान कंपन्यांनीं ही सूचना मानली नाहीं. पुढें अल्फ्रेड कान हे अर्थशास्त्रज्ञ त्या सरकारी मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि १९७८ सालीं नियम झाला कीं, कोणासहि सक्तीनें मागें ठेवण्यापूर्वीं कंपनीनें स्वखुषीनें थांबणारे कोणी आहेत काय, हें विचारलेंच पाहिजे. त्यानंतर अमेरिकेंत सक्तीनें मागें राहणाऱ्यांचें प्रमाण पुष्कळ घटलें.

तरीहि बोली अर्ध्यावर सोडली, तर काय होतें, हें २०१७ सालच्या एप्रिलमध्यें जगानें पाहिलें. शिकागोहून लुइव्हिलला निघालेल्या, युनायटेड कंपनीच्या नांवानें चालणाऱ्या एका विमानांत प्रवासी बसून झाले होते. नंतर कंपनीच्या चार कर्मचाऱ्यांस त्याच विमानानें पाठविण्याची गरज निघाली. आधीं ४०० आणि मग ८०० डॉलर देऊं केले गेले. कोणी उठलें नाहीं. तेथें बोली थांबली आणि सक्ती सुरू झाली. उतरण्यास नकार देणाऱ्या एका वृद्ध डॉक्टरांस विमानतळाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनीं आसनावरून ओढून फरफटत बाहेर नेलें, आणि त्यांत ते जखमी झाले. इतर प्रवाशांनीं घेतलेलीं तीं चित्रें जगभर गेलीं. त्याच महिन्यांत कंपनीनें स्वखुषीनें थांबणाऱ्यास १०,००० डॉलरपर्यंत देण्याची तयारी जाहीर केली; आणि पुढील वर्षीं अमेरिकेच्या कायद्यानें, एकदां विमानांत घेतलेल्या प्रवाशास केवळ जागेच्या टंचाईसाठीं त्याच्या इच्छेविरुद्ध उतरविण्यास बंदी केली. १०,००० डॉलरांची तयारी आधींच असती, तर ८०० वरून बोली थोडी पुढें गेली असती, आणि कोणी ना कोणी आपण होऊन उठला असता.

भारतांतहि या बाबतींत नियम आहे. तो अनेक सुशिक्षित प्रवाशांस ठाऊक नसतो, एवढेंच. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें २०१० सालीं हा नियम काढला, आणि त्यांतील भरपाईच्या रकमा २०१६ च्या ऑगस्टपासून वाढविल्या. त्याप्रमाणें कंपनीनें प्रथम स्वखुषीनें थांबणाऱ्यांस विचारलें पाहिजे. पक्कें आरक्षण असलेला आणि वेळेवर आलेला प्रवासी इच्छेविरुद्ध मागें ठेवल्यास, आणि मूळ वेळेपासून एका तासाच्या आंत सुटणारें दुसरें विमान त्यास न दिल्यास, भरपाई द्यावी लागते. दुसरें विमान २४ तासांच्या आंत मिळालें, तर एका बाजूचें मूळ भाडें व इंधन आकार यांच्या दुप्पट, पण १०,००० रुपयांहून अधिक नाहीं; २४ तासांच्या पलीकडे गेलें, तर चौपट, पण २०,००० रुपयांहून अधिक नाहीं. प्रवाशास दुसरें विमान नको असल्यास तिकिटाचे पूर्ण पैसे परत, आणि शिवाय त्याच मर्यादेंत चौपट रक्कम. नियम केवळ कागदावर राहूं नये, यासाठीं २०२२ च्या जून महिन्यांत महासंचालनालयानें एअर इंडियास १० लाख रुपयांचा दंडहि केला होता.

तथापि या नियमांतील एक उणीव सांगितली पाहिजे. युरोपांत २००४ सालच्या नियमानें भरपाई तिकिटाच्या दरावर नव्हे, तर प्रवासाच्या अंतरावर ठरविली: २५०, ४०० किंवा ६०० यूरो. भारतांत ती मूळ भाड्याशीं बांधलेली आहे. ज्याचें भाडें व इंधन आकार मिळून ३,००० रुपये झाले, त्यास एक दिवस गमावल्याबद्दल ६,००० रुपये मिळतील. म्हणजे स्वस्त तिकीट काढणाऱ्याचा वेळहि स्वस्त, असा त्याचा अर्थ होतो. आणि मागें कोणास ठेवावें, याचा विचार करणाऱ्या कंपनीस तो सर्वांत सोयीचा प्रवासी ठरतो.

या ठिकाणीं आपल्या रेल्वेकडे पाहण्यासारखें आहे. रेल्वेच्या तिकिटावर प्रवाशाचा प्रतीक्षायादींतील क्रमांक स्पष्ट लिहिलेला असतो. बर्थ नाहीं पण बसावयास जागा आहे, असें असल्यास तेंहि लिहिलेलें असतें. प्रवासी त्या क्रमांकाकडे पाहून आपला बेत ठरवितो, आणि जागा न मिळाल्यास हळहळतो; पण आपणांस फसविलें, असें म्हणत नाहीं. विमानाचें तिकीट मात्र सर्वांसच "पक्कें" असतें, आणि त्यांतील कोणाचें कच्चें होतें, हें विमानतळावर गेल्यावर कळतें. अनिश्चितता दोन्हीकडे आहे. एकीकडे ती घरीं बसून कळते. दुसरीकडे सामान बांधून, टॅक्सीचें भाडें भरून, मुलांस घेऊन दारांत गेल्यावर कळते.

प्रवाशाच्या हातीं असलेले उपायहि थोडक्यांत सांगणें जरूर आहे. त्यानें शक्य असेल तेव्हां घरूनच चेक-इन करावें, वेळेपूर्वीं पोंचावें आणि पोंचल्याची वेळ दाखविणारा कागद वा संदेश जपून ठेवावा. कारण "आपण उशिरा आलांत" हें उत्तर प्रवाशाचा हक्कच नाहींसा करतें. जागा नाकारल्यास प्रथम "स्वखुषीनें थांबणाऱ्यांस विचारलें काय?" हा प्रश्न शांतपणें करावा. नकाराचें कारण लेखी मागावें. आपण स्वेच्छेनें थांबत आहों, अशा मजकुराच्या कागदावर वाचल्यावांचून सही करूं नये. त्या सहीनें सक्तीच्या भरपाईचा दावा सुटतो. आणि एवढ्यानेंहि न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचें दार उघडें आहे. ज्या महाराष्ट्रांत १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, तेथील कुटुंबांस तक्रार लिहिण्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं.

विमानें भरून जावीं, यांत देशाचें हितच आहे. आणि थोडीं अधिक तिकिटें विकण्यानें तें साधत असेल, तर त्यास आडकाठी करण्याचें कारण नाहीं. मात्र हा धोका कंपनीनें आपल्या लाभासाठीं पत्करलेला असतो. तो अंगावर आला, तर त्याची किंमत तिनेंच मोजावी. आणि खुषीनें थांबणारा सांपडेपर्यंत मोजावी. ज्यानें वेळेवर येऊन आपला शब्द पाळला, त्यास मागें ठेवण्यापूर्वीं निदान रांगेंतील सर्वांस एकदां विचारण्याची तसदी तरी तिनें घ्यावी.