दुष्काळ आणि मुलखाच्या सीमा
(श्रीपूर येथील सभेंतील भाषण)



आपण येथें नीरेच्या कालव्यावर पोसलेल्या उसाच्या सान्निध्यांत बसलों आहों. परंतु कांहीं कोस दक्षिणेस गेलें कीं पाण्याची गोष्टच संपते. तो माणदेश. नदी एक, खिल्लार गुरें तींच, बाजरी-ज्वारीही तीच. १८४८ पर्यंत तो बहुतांशीं सातारच्या छत्रपतींच्या राज्यांत मोडत असे. तें राज्य खालसा झाल्यावर माण तालुका इंग्रजी सातारा जिल्ह्यांत राहिला, आटपाडी औंध संस्थानाकडे, आणि माळशिरस १८७५ सालीं सोलापुरास जोडला गेला. पाऊस कांहीं या रेषा पाहून पडत नाहीं!

१८७६-७७ च्या दुष्काळांत म्हसवडनजीक राजेवाडीचा तलाव दुष्काळी काम म्हणून सुरू झाला. तलाव माण-आटपाडीच्या सीमेवर, पाण्याची वाट मात्र सोलापूर जिल्ह्यांतील शेतांकडे. पाणी कोठें अडावें व कोणास मिळावें, हें ज्यांच्या जमिनी त्यांना कोणी विचारलें नाहीं.

त्याहून घातक गोष्ट साऱ्याची. १८३६ मध्यें इंदापुरापासून सुरू झालेल्या पाहणीनें सारा तीस वर्षांकरितां जमिनीवर ठरला, पिकावर नव्हे. आणि तो रोकड भरावयाचा. पीक बुडालें तरी हप्ता चुकत नसे. सूट सरकारची मर्जी, सावकाराचें कर्ज मात्र निश्चित. १८७५ चे दंगे झाले, १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कायदा आला. त्या कज्जांवर शेतकऱ्यापेक्षां आमचा वकीलवर्गच अधिक पोसला गेला, हें येथें सांगण्यास हरकत नाहीं.

औंध संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. तरीही माण साताऱ्यांत, आटपाडी सांगलींत व सांगोला सोलापुरांत, अशी वाटणी कायमच आहे. छावणी व टँकर जिल्ह्याच्या हिशोबानें चालतात; सीमेवरच्या गांवास दोन्ही कचेऱ्या एकमेकींकडे बोट दाखवितात.

म्हणून कमिटीस विनंति आहे कीं, वर्गणीच्या पावतीवर 'सोलापूर जिल्ह्यापुरतें' हे शब्द छापूं नयेत. आणि ज्यांच्या उसाची तोड चालू आहे त्यांनीं तोडणीवाल्यांच्या बैलांचा वांटा ठेवून उरलेलें वाडें कमिटीच्या गाड्यांवर घालावें. ती गाडी आटपाडीच्या वेशींत शिरली तर तिला माघारी बोलावूं नये.