पुसली, तरी जागा सुटेना

आज कुंभकोणमजवळच्या पट्टीश्वरमहून बोलतोय. आमच्या घरी वाडवडिलांचे मोडी कागद आहेत. निवृत्तीनंतर ते स्कॅन करून मी एका जुन्या लिनक्स सर्व्हरवर ठेवतो. एका रात्री स्कॅन अर्धवट थांबलं. 'डीएफ मायनस एच' चालवलं. डिस्क ९७ टक्के भरलेली!

मग 'डीयू'ने एकेक फोल्डर मोजलं. ४० जीबीची एक लॉग फाइल सापडली. 'आरएम'ने उडवली. डीयूचा आकडा उतरला, पण डीएफ ९७वरच. वैतागून जुनी स्कॅन पुसायला निघालो होतो. वेळीच हात आवरला.

फौजेत शिकलेलं आठवलं: दोन गस्तींचे अहवाल जुळत नसतील, तर आधी का ते शोधा, हुकूम नंतर.

कारण साधं आहे. युनिक्समध्ये 'आरएम' फाइलचं फक्त नाव काढतं. एखाद्या प्रोग्रामने ती उघडी धरली असेल, तर जागा सुटत नाही. डीयू नावं धरून मोजतं. डीएफ फाइलसिस्टीमला विचारतं. अशा बिननावाच्या उघड्या फाइली 'एलएसओएफ प्लस एल वन' दाखवतं. लॉग लिहिणारा प्रोग्राम रीस्टार्ट केला. ९७चे ६१ झाले.

तेव्हा चालू लॉग पुसू नका, 'ट्रंकेट'ने रिकामा करा. लॉगरोटेट लावून ठेवा. आणि घाबरलेल्या हाताने काहीही डिलीट करू नका. लॉग उद्या पुन्हा भरेल. पुसलेली स्कॅन परत येणार नाहीत.