शाळा सुटली, पुढे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. व्यासपीठावर उभे राहण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. चिटणीसबाई म्हणाल्या, “तुम्ही घरी जे केलंत, तेवढंच सांगा.” तेव्हा तेवढेच सांगते. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझ्या धाकट्याला आपण सगळ्याजणी ओळखता. तो आता बावीस वर्षांचा आहे. पूर्वी अशा मुलांना मतिमंद म्हणत, आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात. शब्द बदलला हे चांगलेच झाले. पण आईच्या मनातला प्रश्न तोच आहे. आपल्यामागे याचे कसे होणार?

लहानपणी तो विशेष शाळेत जात असे. तिथल्या बाईंनी त्याला सदऱ्याची बटणे लावायला, आपले ताट घासायला, रांगेत उभे राहायला शिकवले. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ साली जो कायदा झाला, त्याने अशा मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्याला अठरा पुरी झाली आणि शाळा संपली. निरोपाच्या दिवशी त्याच्या हाती गुलाबाचे फूल दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा डबा घेऊन दारात जाऊन उभा राहिला. शाळेची गाडी काही आली नाही. आठ दिवस तो तसाच रोज उभा राहत होता. शाळा सुटली म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मीही नाही.

पुढचे वर्ष त्याने घरात बसून काढले. खरे सांगायचे तर मीच त्याला बसवून ठेवला. त्याच्याने होत नाही म्हणून मी बटणे लावू लागले, उशीर होतो म्हणून मीच ताट घासू लागले. वर्षाअखेर पाहते तो शाळेत शिकलेले निम्मे विसरून गेला होता. भगिनींनो, माया करता करता मी त्याचे हातच बांधून ठेवले, हे मला फार उशिरा उमगले.

मग ओळखीने एका दुकानात त्याला काम लावले. सकाळी झाडायचे, खोकी उचलून ठेवायची. चार महिने तो एक दिवस न चुकता गेला. पगाराचा विषय निघाला नाही आणि मीही काढला नाही. मुलगा चार माणसांत जातो, हेच मला पुष्कळ वाटे. एका महिन्याच्या पहिल्या तारखेला मी त्याला आणायला गेले, तेव्हा मालक दुसऱ्या पोऱ्याच्या हातात पैसे ठेवीत होते. हा त्याच्या मागे हात पुढे करून उभा होता. मालकांनी त्याच्या हातावर बिस्किटाचा पुडा ठेवला. मी विचारले, तर म्हणाले, “अहो वहिनी, त्याला पैशातलं काय कळतं?” पैसे मोजता येत नव्हते हे खरे, पण आपल्याला वगळले, एवढे त्याला बरोबर कळले होते. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला पाठविला नाही.

त्यानंतर मी त्याच्या जुन्या शाळेतल्या बाईंकडे गेले. त्यांनी दिलेला धडा तुम्हालाही उपयोगी पडेल. त्या म्हणाल्या, “काम एकदम शिकवू नका. त्याच्या पायऱ्या पाडा आणि शेवटची पायरी आधी शिकवा.” दिवाळीच्या सुमारास आपल्या मंडळात भाजणीच्या पिशव्या भरण्याचे काम निघाले, तेव्हा आम्ही तसेच केले. पहिले काही दिवस त्याने फक्त भरलेली पिशवी खोक्यात ठेवायची. मग लेबल लावून खोक्यात ठेवायची. मग तोंड बंद करायचे. असे मागे मागे जात वजनापर्यंत आलो. प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून पुरे होई आणि त्याचा चेहरा फुले.

त्याला दहापर्यंत मोजता येत नाही. म्हणून एका फळीवर दहा चौकोन आखले. सगळे चौकोन भरले, की दहा पिशव्या झाल्या. काट्यावरचा पाचशेचा आकडा पुठ्ठ्यावर मोठा काढून समोर ठेवला. दोन्ही आकडे सारखे दिसेपर्यंत तो चमच्याने घालतो, काढतो. आपणा इतरजणींच्या पिशवीत दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे होतात, त्याच्या पिशवीत होत नाहीत! (हे मी नव्हे, आपल्या खजिनदारबाई म्हणतात.)

अडचणी आल्याच. चक्की सुरू झाली की तो कान झाकून बाहेर पळे. दोघीतिघी म्हणाल्या, “याला जमायचं नाही.” मग त्याचे पाट-चौरंग ओसरीच्या टोकाला मांडले आणि पळणे थांबले. यायला-जायला मी आधी बरोबर चालत असे, मग दहा पावले मागून, मग कोपऱ्यावर उभी राहून पाहत असे. आता तो एकटा येतो.

मंडळाने त्याचे नाव वहीत घातले आणि पिशवीमागे जो दर सर्वांना तोच त्याला दिला. इतरजणी शंभर भरतात, तिथे तो चाळीस भरतो. त्याला चाळिसाचे पैसे मिळतात. यात दया नाही, म्हणूनच मला त्याचे मोल वाटते. पहिल्या कमाईचे पाकीट घेऊन तो कुठे गेला असेल? त्याच दुकानात. बिस्किटाचा पुडा मागितला आणि पैसे पुढे केले. मालकांनी काही न बोलता उरलेले पैसे परत दिले.

एक गोष्ट आयांनी ध्यानात ठेवावी. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या नजरेत आपण आपोआप त्याचे पालक राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून पालकत्व मिळते. दिव्यांगत्वाचा दाखलाही वेळेवर काढून ठेवावा. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी चार टक्के जागा राखीव आहेत, त्यांतल्या एक टक्क्यात आपल्या मुलांसारख्यांचाही वाटा आहे. पण त्या कितीजणांना पुरणार? मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली निघाली, पुण्याची कामायनी १९६४ साली. अशा संस्थांनी मुलांना हाताचे काम शिकविण्याची वाट दाखविली. पण शिकलेल्या हातांना काम आपल्या आळीतच मिळाले पाहिजे.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी अठरा वर्षांची वाट न पाहता तेरा-चौदापासूनच त्याला घरचे एक काम नेमून द्यावे, आणि उशीर झाला तरी ते आपण करू नये. ज्यांचे दुकान किंवा पोळीभाजी केंद्र आहे, त्यांनी एक काम द्यावे आणि त्याचा मोबदला द्यावा. आणि मंडळाला विनंती, की ओसरीवरचा हा चौरंग दिवाळीपुरता न ठेवता बारा महिने ठेवावा. आपल्या आळीत आणखी दोन मुले सकाळी दारात उभी असतात. त्यांच्या आयांना मी विचारले आहे, त्या पाठवायला तयार आहेत. फळ्या मी आखून देईन.