पेन्सिलीच्या खुणा

मागच्या रमजान ईदेच्या आठ दिवस आधी माझी मुलगी पुण्याहून कोल्हापूरला आली. पिशवी खाली ठेवता ठेवताच म्हणाली, "अब्बा, मी आता दूधही सोडलंय."

मटण तिनं दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. ते आम्ही कसंबसं पचवलं. पण दूध? तेही कोल्हापुरात? जिथं गंगावेशीत उभं राहून माणसं म्हशीचं धारोष्ण दूध पितात, जिथं तालमीतल्या पोराच्या खुराकात दूध पहिलं येतं, त्या गावात?

मी चिडलो. त्या चिडण्यात भीतीही होती. हल्ली कोण काय खातो यावरून माणसाची पारख होते. आमच्यासारख्यांच्या ताटाकडे तर लोक जरा जास्तच निरखून पाहतात. अशा दिवसांत माझ्याच लेकीनं आमचं ताट बाजूला सारलं, असं मला वाटलं. "आमचं जेवण तुला नकोसं झालं का?" असं मी विचारलंही. ती शांतपणे म्हणाली, "अब्बा, मी तुमच्याबद्दल काही बोललेच नाही. वासराबद्दल बोलतेय."

या खाण्याला व्हीगन म्हणतात. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी हा शब्द रूढ केला. मांस, अंडी, दूध, तूप, मध, काहीच चालत नाही. पुष्कळजण चामडंही वापरत नाहीत. "मग कोल्हापूरकरानं पायातली चप्पलही काढून ठेवायची काय?" मी म्हणालो. तेव्हा मात्र ती हसली. आपल्या देशातही २०२२ पासून अशा पदार्थांसाठी वेगळे नियम आणि पाकिटावर वेगळी खूण आली आहे. माझी समजूत अशी, की हे सगळं खोक्यातल्या महागड्या दुधाचं आणि बड्या शहरांचं प्रकरण. आपल्या चुलीशी त्याचा काय संबंध?

तिसऱ्या दिवशी पाहतो, तर ती 'रुचिरा' घेऊन बसलेली. कमलाबाई ओगले यांचं हे पुस्तक १९७० साली आलं. वाटी-चमच्याचं माप देऊन त्यांनी नवख्या मुलींनाही स्वयंपाक सोपा करून दिला. आमची प्रत लग्नात शेजारच्या काकूंनी माझ्या पत्नीला दिलेली. कव्हर गेलेलं, पानांवर हळदीचे डाग. त्या पानांवर मुलगी पेन्सिलीनं खुणा करत होती. ज्यात दूध-तूप नाही, किंवा तुपाऐवजी तेल चालेल, अशा पदार्थांपुढे एक बारीक टिंब. मला वाटलं, पाच-दहा निघतील. पण उसळी, आमट्या, पालेभाज्या, चटण्या, पानामागून पान टिंबांनी भरत चाललं. लाडवांपाशी पेन्सिल जरा अडखळली, एवढंच. कुणी व्हीगन लोकांसाठी लिहिलेलं हे पुस्तक नव्हे. पण त्याच्या पोटात तसं एक पुस्तक इतकी वर्षं होतंच.

"दादी काय करायची जेवायला?" तिनं विचारलं.

मी सांगू लागलो. जोंधळ्याची भाकरी, झुणका, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, पावट्याची आमटी, लसणीची फोडणी दिलेली अंबाडी. मटण ईदेला, नाहीतर पाहुणा आला तर. सांगता सांगता माझ्याच ध्यानात आलं, की अम्माच्या या रोजच्या जेवणापुढेही ती टिंबं द्यावी लागतील. म्हणजे अम्मा तो शब्द न ऐकताच बरेच दिवस व्हीगन होती!

पण इथं मी थांबलो. अम्मानं दूध सोडलं नव्हतं, दूध घरात राहत नव्हतं. आमच्याकडे एक म्हैस होती. १९६३ साली जिल्ह्याचा दूध संघ निघाला, गावोगाव संस्था झाल्या. सकाळ-संध्याकाळ अम्मा डोक्यावर पदर घेऊन संस्थेत दूध घालायची. आम्ही कोरा चहा प्यायचो. त्या दुधाच्या बिलावर मी बी.ए. झालो. सोडणं आणि न मिळणं, ताटात दोन्ही सारखीच दिसतात. पण सारखी नसतात, हे मी मुलीला सांगितलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादीनं दूध घातलं, म्हणून आज मला ते सोडता येतंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कविता लिहिणाऱ्या माणसालाही ते सुचलं नाही.

खरी अडचण ईदेच्या दिवशी. शीरखुर्मा! फारसीत शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. दूध काढलं तर नावातलंही निम्मं गेलं. पण माझी पत्नी म्हणाली, "पांढऱ्या रश्श्याला आपण नारळाचं दूध घालतोच की." एका लहान पातेल्यात तिनं शेवया तेलावर भाजल्या. आधी पातळ दूध, काजूची पेस्ट, खजूर, चारोळी घालून शिजवलं. घट्ट दूध शेवटी, मंद आचेवर. खळखळून उकळलं तर ते फाटतं. शेजारच्या पातेल्यात नेहमीचा शीरखुर्मा होता, पलीकडे मटण शिजत होतं. मुलीनं नाक मुरडलं नाही, आम्हीही नाही. खरं सांगायचं तर तो शीरखुर्मा नव्हता. पण मी दुसरी वाटी मागितली.

बापाची काळजी जात नाही. मी डॉक्टरांना विचारून आलो. अशा जेवणात बी-१२ हे जीवनसत्त्व पुरेसं मिळत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. मुलगी गोळ्या घेते. मी फोनवर आठवण करतो.

ती परत गेल्यावर मी 'रुचिरा' उघडलं. मागच्या कोऱ्या पानावर अम्माचा खर्डा लिहिला. हिरव्या मिरच्या तव्यावर तेलात भाजायच्या. लसूण, दाणे, मीठ घालून तांब्याच्या बुडानं तव्यावरच रगडायच्या. दाणे किती, इथं पेन थांबलं. कमलाबाईंच्या पुस्तकात वाटी लिहायला हवी होती. पण अम्माच्या घरात माप हाताचं होतं. मी लिहिलं, 'एक मूठ'. आणि पुढे पेन्सिलीनं एक टिंब दिलं.