जुना मायक्रोफोन आणि त्याची जोडणी

माऊथ ऑर्गन हे खिशात मावणारे वाद्य. १९५८ सालच्या ‘सोलवाँ साल’ या चित्रपटातील एका सुप्रसिद्ध गीतात राहुलदेव बर्मन यांनी वाजवलेले त्याचे सूर भारतातील असंख्य श्रोत्यांच्या कानांत आहेत. ते सूर स्वच्छ आणि हलके आहेत. अमेरिकेतील शिकागो शहरात मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर याच वाद्याने निराळे रूप धारण केले. दक्षिणेकडील राज्यांतून पोटापाण्यासाठी आलेल्या कृष्णवर्णीय वादकांना तेथील गजबजलेल्या मद्यगृहांत विजेच्या गिटारीशी टक्कर द्यावी लागे. तेव्हा मायक्रोफोन आणि वाद्य दोन्ही एकाच ओंजळीत घट्ट धरून, लहानशा व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकातून वाजवण्याची रीत पडली. त्यातून निघणारा आवाज भरदार, किंचित फाटलेला आणि सॅक्सोफोनची आठवण करून देणारा होता. लिटल वॉल्टर या वादकाने १९५२ साली ‘ज्यूक’ ही ध्वनिमुद्रिका याच रीतीने वाजवली आणि ती अतोनात लोकप्रिय झाली.

या कामी जे मायक्रोफोन वापरले गेले ते संगीतासाठी बनवलेलेच नव्हते. ॲस्टॅटिक कंपनीचा जेटी-३० किंवा शुअर कंपनीने १९४९ साली आणलेला, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा हिरवा ५२० हे मुख्यतः भाषणासाठी आणि संदेशवहनासाठी होते. माणसाचे बोलणे कळावे एवढीच त्यांची झेप. पण तीच मर्यादा वादकांच्या पथ्यावर पडली. म्हणून ते जुने मायक्रोफोन आजही शोधले जातात, जपले जातात आणि वाजवलेही जातात. ते हाती आल्यावर पहिली अडचण उभी राहते ती त्याला तार कशी जोडावी, ही.

आजच्या गिटारीला पाव इंची प्लग लागतो आणि सभागृहातील मायक्रोफोनला तीन पिनांचा एक्सएलआर. या जुन्या मायक्रोफोनांपैकी पुष्कळांच्या बुडाशी मात्र आट्यांची एक धातूची नळी असते. तिचा व्यास पाच अष्टमांश इंच असतो आणि तिच्यावर एका इंचात २७ आटे असतात. मध्यभागी एकच लहानसा संपर्कबिंदू असतो. त्यातून ध्वनीचा विद्युत्प्रवाह निघतो आणि परतीची वाट बाहेरच्या नळीतून जाते. अमेरिकन मायक्रोफोन-स्टँडचे आटेही याच मापाचे आहेत. त्यामुळे स्टँडचा एखादा भाग या नळीवर सहज फिरून बसतो, पण त्यातून आवाजाचा कण पुढे सरकत नाही. आटे जुळले म्हणजे विजेचे नाते जुळले असे नव्हे, हा या विषयातील पहिला धडा होय.

ते नाते समजण्यासाठी मायक्रोफोनच्या आत डोकवावे लागते. जेटी-३० मध्ये मूळचा घटक रोशेल क्षाराच्या स्फटिकाचा असतो, तर ५२० मध्ये चुंबकीय. दोहोंचा संरोध, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध, मोठा आहे. स्फटिकाला पुढे दहा लाख ओमांहून अधिक, शक्य तर पन्नास लाखांच्या आसपास संरोध मिळाला तरच तो भरदार बोलतो. सभागृहातील मिक्सरचा मायक्रोफोनसाठीचा संरोध काही हजार ओमच असतो. अशा वेळी केवळ एक्सएलआर बसवून तार जोडली, तर खर्जाचे स्वर गळून पडतात आणि आवाज पत्र्यासारखा होतो. दोष वादकाचा नसतो, मायक्रोफोनचाही नसतो. मध्ये योग्य ट्रान्सफॉर्मर किंवा मोठ्या संरोधाचे पूर्ववर्धक उपकरण घालणे, हाच त्यावर उपाय.

जोडणीचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला आणि सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे मूळच्याच जातीचा, फिरकीच्या कड्याचा जोड तारेच्या एका टोकाला बसवणे आणि दुसऱ्या टोकाला पाव इंची प्लग लावणे. मधल्या तारेला डाख देताना कथलाचा थेंब गुळगुळीत व किंचित फुगीर राहील असे पाहावे, कारण तोच थेंब मायक्रोफोनच्या बिंदूवर टेकतो. बाहेरचे जाळीदार वेष्टण जोडाच्या धातूला पक्के भिडले पाहिजे. तार वीस फुटांहून फार लांब नसावी. लांबी वाढली की चुंबकीय घटकाचे वरचे स्वर मंद होतात आणि स्फटिकाचा एकंदर आवाज उतरतो.

दुसरा मार्ग आयत्या ॲडॅप्टरचा. त्याची एक बाजू आट्यांवर फिरून बसते आणि दुसऱ्या बाजूला गिटारीचा नेहमीचा प्लग शिरतो. डाख लावावा लागत नाही आणि तार वाटेल तेव्हा बदलता येते. मात्र मायक्रोफोनच्या मागे लांब शेपटी तयार होते. ओंजळ मिटून वाजवणाऱ्याच्या मनगटाला ती अडते आणि हिसक्याने खरखर उत्पन्न होते. काटकोनात वळलेला प्लग वापरल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो.

तिसरा मार्ग म्हणजे जुनी नळी काढून किंवा छिद्र मोठे करून पाव इंची जॅक मायक्रोफोनच्या अंगातच बसवणे. तो सुटसुटीत दिसतो, पण आत जागा थोडी असते आणि एकदा धातू कापला की तो पुन्हा जोडला जात नाही. पहिले दोन मार्ग उपलब्ध असताना हा मार्ग धरण्याचे कारण क्वचितच असते.

काही मायक्रोफोनांना तीन वा चार पिना असतात. त्यांतील काही पिना बोलताना दाबावयाच्या खटक्यासाठी किंवा संरोध बदलण्यासाठी असतात. तेथे अंदाजाने तार लावू नये. रोध मोजण्याच्या साध्या मीटरने प्रत्येक वाट तपासावी. चुंबकीय घटक काही रोध दाखवतो, तर स्फटिकाची वाट मीटरला बंद दिसते.

डाख देण्यापूर्वी घटक बाहेर काढून ठेवावा, हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. रोशेल क्षार दमट हवेने बिघडतो आणि साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या पुढील उष्णतेने कायमचा निकामी होतो. डाखणीचे टोक त्याहून कितीतरी पट तापलेले असते. सत्तर वर्षे टिकलेला स्फटिक अर्ध्या मिनिटाच्या घाईने नष्ट झाल्यास त्याच्या तोडीचा दुसरा मिळणे कठीण.

याहून गंभीर गोष्ट जिवाची आहे. या मायक्रोफोनचे धातूचे अंग परतीच्या वाटेला जोडलेले असते. वादकाचे दोन्ही हात त्या अंगावर असतात आणि ओठ त्यापासून बोटभर अंतरावर. जुन्या ध्वनिवर्धकाला जमिनीशी जोडणारी तार नसेल किंवा त्याच्या आत बिघाड असेल, तर विजेचा धक्का थेट वादकाला बसतो. म्हणून मायक्रोफोनची जोडणी कितीही सुबक झाली, तरी ध्वनिवर्धक जाणत्या तंत्रज्ञाकडून तपासून घेतल्यावाचून आणि त्याला तीन पिनांची, भूमीशी जोडलेली तार बसवल्यावाचून वाद्य ओठांना लावू नये.

फिरकीचे कडे सैल झाले की घरघर सुरू होते. अशा वेळी मायक्रोफोन उघडण्याआधी कडे आवळून पाहावे आणि आटे स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसावेत. जो भाग बदलावा लागेल तो फेकू नये. एका पाकिटात घालून, कोणती तार कोठे होती याची चिठ्ठी त्याच पाकिटात ठेवावी. तो मायक्रोफोन पुढे ज्याच्या हाती जाईल, त्याला ती चिठ्ठी उपयोगी पडेल.